‘झिरो क्रॅश’ म्हणजे आनंदीआनंद?

आपल्या होस्टेलमधल्या कुठल्याही रूमचं दार वाजवा आणि विचारा, “काय रे, प्रोजेक्टच्या ॲपमधली एक लायब्ररी अपग्रेड करूया का?” उत्तर ठरलेलं आहे. “चलता हा मां? मगे कित्याक हात लावतंस?” रूम पार्टनर कोल्हापूरचा असेल तर हेच उत्तर कोल्हापुरी ठसक्यात मिळेल, फरक तेवढाच! या उत्तरात शहाणपण नाही असं मी म्हणणार नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री ग्रेडलच्या फाईलमधला एक आकडा बदलून ज्यांनी पहाट पाहिली आहे, त्यांना ते वेगळं सांगायला नको.

पण एक लायब्ररी अशी आहे की तिच्या बाबतीत ‘चालतंय ना?’ या प्रश्नाला अर्थच उरत नाही. कारण चालतंय की नाही हे सांगणं, हेच मुळी तिचं काम. तीच गप्प झाली तर कळणार कुणाकडून? मी बोलतोय एरर मॉनिटरिंगच्या लायब्ररीबद्दल. क्रॅशलिटिक्स, सेंट्री, बगस्नॅग ही त्यातली नेहमीची नावं. माझं म्हणणं सरळ आहे. ॲपमधल्या बाकीच्या लायब्रऱ्या थोड्या जुन्या राहिल्या तरी एक वेळ चालेल (म्हणजे चालू नये, पण चालतं!), ही एक मात्र वेळच्या वेळी अपग्रेड झाली पाहिजे. आणि अपग्रेड झाल्यावर ती खरंच बोलते आहे का, हे मुद्दाम ॲप पाडून तपासलं पाहिजे.

सिव्हिल-मेकॅनिकलच्या मित्रांसाठी आणि ऑफिसमधल्या मंडळींसाठी थोडं सोडून सांगतो. समजा, देवबागच्या एखाद्या होमस्टेवाल्या काकांनी तुमचं बुकिंगचं ॲप उघडलं. तारीख निवडली आणि ॲप फटकन बंद पडलं. काका काय करणार? कपाळाला आठ्या घालून पुन्हा उघडणार, पुन्हा बंद पडलं तर काढून टाकणार. तुम्हाला फोन करून ‘अमुक ओळीवर नल पॉइंटर आला हो’ असं काही सांगणार नाहीत! तुम्ही इकडे लॅबमध्ये निवांत. एरर मॉनिटरिंगची लायब्ररी ॲपच्या पोटात बसलेली असते. ॲप कोसळताना शेवटच्या क्षणी ती फोनच्या मेमरीत एक टिपण करून ठेवते : कुठल्या ओळीवर कोसळलं, फोन कुठला, अँड्रॉइड कितवं. आधी कुठली बटणं दाबली होती, हेही तिला सांगून ठेवलं असेल तर ती लिहून ठेवते. ॲप पुढच्या वेळी उघडलं की ते टिपण सर्व्हरकडे जातं आणि तुमच्या डॅशबोर्डवर दिसतं. ‘पुढच्या वेळी उघडलं की’ हे शब्द लक्षात असू द्या, त्यांच्याकडे पुन्हा यायचं आहे.

आता गंमत बघा. एका प्रोजेक्ट प्रदर्शनात मी पोस्टर पाहिलं होतं. त्यावर हिरव्या रंगात मोठ्ठं लिहिलेलं : ‘क्रॅश-फ्री युजर्स १००%’. परीक्षक खूश, गाईड खूश. ‘या डॅशबोर्डवर शेवटचा क्रॅश कधी आला होता?’ हे मात्र कुणी विचारलं नाही. कारण शून्य हा आकडाच असा गोड की त्याची उलटतपासणी करावीशी वाटत नाही. पण शून्याचे दोन अर्थ होतात. एक, काहीच बिघडलं नाही. दोन, बिघडलं की नाही हे सांगणाराच उरला नाही. आणि स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे दिसतात!

आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला खरं तर हे शिकवायला नको. १६ मे २०२१ ची आठवण काढा. तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून वर सरकलं. मालवण, देवगड, वेंगुर्ला भागात झाडं पडली, छपरं उडाली, विजेचे खांब आडवे झाले आणि मोबाईलचे टॉवरही बंद पडले. त्या वेळी मुंबईत असलेल्या चाकरमान्यांना घरून फोन येईना. तेव्हा ‘घरून काही तक्रार नाही, म्हणजे सगळं ठीक दिसतंय’ असं एक तरी माणूस म्हणाला असेल का? उलट फोन लागत नाही म्हणूनच जीव खालीवर झाला. गावाकडून काहीच कळत नाही, हीच सगळ्यात वाईट बातमी होती.

कोकण रेल्वेने तर हा नियमच करून ठेवला आहे. २२ जून २००३ च्या रात्री आपल्याच जिल्ह्यात वैभववाडीजवळ रुळावर दरड आली. कारवारहून मुंबईकडे निघालेली हॉलिडे स्पेशल तिच्यावर आदळून घसरली आणि ५० हून अधिक माणसं गेली. त्यानंतर कटिंगांचे उतार कमी करणं, जाळ्या मारणं, पावसात गाड्यांचा वेग उतरवणं अशी बरीच कामं झाली. पण मला सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो तो पावसाळ्यात कंदील-टॉर्च घेऊन रुळावरून चालणारा पेट्रोलमन. त्याच्या चालण्याचं वेळापत्रक ठरलेलं असतं. हद्दीच्या टोकाला पलीकडच्या पेट्रोलमनशी गाठ पडली की दोघं पुस्तकांची अदलाबदल करतात, म्हणजे फेरी झाल्याचा पुरावा राहतो. आणि ठरल्या वेळेनंतर थोडा वेळ वाट पाहूनही पेट्रोलमन स्टेशनात पोचला नाही, तर स्टेशन मास्तर ‘काही बातमी नाही, म्हणजे रूळ मोकळा’ असं धरत नाही. पुढच्या गाडीला सावकाश जायची सूचना देतो. कुणी येऊन ‘दरड पडली’ असं सांगितलेलं नसतं. सांगणारा आला नाही, एवढंच पुरतं.

आपल्या ॲपमधल्या पेट्रोलमनची आपण अशी वाट बघतो का? नाही. तो आला नाही की आपण पोस्टरवर १००% छापतो.

कुणी म्हणेल, ‘अरे, लायब्ररी अशी आपोआप गप्प कशी होईल? एकदा टाकली की टाकली.’ तर ऐका. क्रॅशलिटिक्स ही कंपनी २०११ साली अमेरिकेत बोस्टनला सुरू झाली. २०१३ च्या जानेवारीत ट्विटरने ती विकत घेतली. पुढे ट्विटरने ‘फॅब्रिक’ नावाचा डेव्हलपरांसाठीचा संच काढला, त्यात ती गेली. २०१७ च्या जानेवारीत गुगलने फॅब्रिक घेतलं आणि क्रॅशलिटिक्सचा मुक्काम फायरबेसमध्ये हलला. सासर बदललं, आडनाव बदललं! लायब्ररीचं नावही बदललं. मे २०२० मध्ये फॅब्रिकचा जुना डॅशबोर्ड बंद झाला. जुन्या फॅब्रिकच्या आणि फायरबेसमधल्याही जुन्या क्रॅशलिटिक्स लायब्रऱ्यांना गुगलने १५ नोव्हेंबर २०२० ही शेवटची तारीख दिली. त्या दिवसानंतर त्यांच्याकडून क्रॅश येणं थांबणार होतं.

आता विचार करा, ज्याने अपग्रेड केलं नाही त्याच्या ॲपला १६ नोव्हेंबरला काय झालं? काहीच नाही! ॲप उघडत होतं, बटणं चालत होती, लोक वापरत होते. फक्त ॲप कोसळल्याची बातमी येणं थांबलं. आणि आलेख शून्यावर गेला की बघणाऱ्याला वाटतं, व्वा, काय छान स्थिर झालंय ॲप! त्यात क्रॅशलिटिक्स क्रॅशचा तपशील ९० दिवसच ठेवतं. म्हणजे तीन महिन्यांनी जुन्या क्रॅशचे डागही पुसले जातात आणि डॅशबोर्ड धुतल्या तांदळासारखा स्वच्छ.

या गोष्टीतली सगळ्यात फसवी जागा म्हणजे नाव बदलणं. आपल्याला वाटतं, अपग्रेड आलं की अँड्रॉइड स्टुडिओ पिवळी रेघ ओढून सांगेलच. पण पिवळी रेघ त्याच नावाची नवी आवृत्ती शोधते. नावच बदललं असेल तर जुन्या नावाखाली नवं काही येतच नाही, आणि टूल तुम्हाला प्रामाणिकपणे सांगतं की तुमच्याकडे शेवटची आवृत्ती आहे. खोटं नाही ते! सेंट्रीच्या रिॲक्ट नेटिव्ह लायब्ररीचंही असंच झालं. जुन्या नावाचं पॅकेज मागे पडलं आणि नवं पॅकेज वेगळ्या नावाने आलं. तेव्हा वर्षातून दोनदा तरी त्या लायब्ररीचं अधिकृत पान उघडून ‘ही अजून जिवंत आहे ना?’ एवढं वाचायला हवं. पाच मिनिटांचं काम आहे. मेसच्या रांगेत उभ्या उभ्या होईल.

आता ‘हात लावू नये’ पक्षाची बाजू. ती खोटी नाही, आणि ती नीट ऐकल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. लायब्ररी म्हणजे आपल्या घरात राहायला आलेला परका माणूस. तो चांगला असला तरी त्याच्या हातून दिवा पडू शकतो. २०२० मध्येच, ६ मे आणि १० जुलै अशी दोनदा, आयफोनवरची स्पॉटिफाय, पिंटरेस्ट, टिंडर यांसारखी मोठमोठी ॲप्स उघडताच कोसळू लागली. दोष त्या ॲप्सचा नव्हता. त्यांच्या पोटात असलेल्या फेसबुकच्या लायब्ररीचा होता. दुसरं उदाहरण आपल्या विषयाच्या आणखी जवळचं. डिसेंबर २०२१ मध्ये जावाच्या लॉगफोरजे या लायब्ररीत भयंकर भोक सापडलं. हिचं काम काय, तर प्रोग्राममध्ये घडलेल्या गोष्टींची नोंद ठेवणं. नोंद ठेवणाऱ्या कारकुनाच्याच वहीतून चोर आत शिरला! आणि दुरुस्तीही एका फटक्यात झाली नाही. त्या एका महिन्यात २.१५, २.१६, २.१७ आणि २.१७.१ अशा चार आवृत्त्या काढाव्या लागल्या. सुट्टीच्या दिवसांत बिचारे इंजिनीयर अपग्रेडवर अपग्रेड करत बसले.

मग यातून ‘हात लावू नका’ हा निष्कर्ष निघतो का? मला वाटतं, उलटा निघतो. फेसबुकच्या भानगडीत त्या ॲपवाल्यांनी त्या दिवशी काहीच अपग्रेड केलं नव्हतं. गडबड पलीकडे, फेसबुकच्या सर्व्हरवर झालेल्या बदलातून आली. म्हणजे आपण हात लावला नाही तरी ॲप जागच्या जागी राहत नाही, खालची वाळू सरकत असते. तारकर्लीला पाण्याच्या कडेला उभं राहून बघा, तुम्ही हलत नाही तरी पाय खोल जातात.

आणि वाळू सरकवणारे बरेच आहेत. गुगल प्ले दर वर्षी ॲपला नव्या अँड्रॉइडसाठी तयार व्हायला लावतं. १ नोव्हेंबर २०२५ पासून आणखी एक अट आली : अँड्रॉइड १५ आणि त्यापुढच्या आवृत्तीसाठी बांधलेलं नवं ॲप किंवा अपडेट १६ केबीच्या मेमरी पेजवर चाललं पाहिजे. ज्या एरर मॉनिटरिंग लायब्ररीत सी-सी++ मध्ये लिहिलेला तुकडा असतो (आणि नेटिव्ह क्रॅश पकडायला तो लागतोच), ती जुनी असेल तर इथे अडकते. ॲपलनेही १ मे २०२४ पासून ठरावीक लायब्रऱ्यांना प्रायव्हसी मॅनिफेस्ट सक्तीचं केलं आणि त्या यादीत फायरबेस क्रॅशलिटिक्सचं नाव आहे. म्हणजे अपग्रेड चुकणार नाहीच. प्रश्न एवढाच, की ते तुम्ही शांत डोक्याने करणार, की स्टोअरने अपडेट परत पाठवल्यावर रात्री दोन वाजता चहाच्या पाचव्या कपासोबत?

करायचं कसं, याबद्दल माझी मतं जरा हट्टी आहेत. पहिलं म्हणजे हे अपग्रेड एकटं करावं. त्याच रिलीजमध्ये नवीन स्क्रीन, नवीन पेमेंट, नवीन आयकॉन असलं काही घुसडू नये. कारण पुढच्या आठवड्यात आकडे बदलले तर ते ॲप बदललं म्हणून की मोजणारा बदलला म्हणून, हे कळायला मार्ग राहत नाही. तराजू बदलायचा त्या दिवशी मासळीही बदलू नये. आणि जुना-नवा असे दोन तराजू एकाच वेळी ठेवायचा मोह होतो, तोही टाळावा. दोन्ही लायब्रऱ्या ‘शेवटच्या क्षणी मला बोलवा’ म्हणून फोनला सांगून ठेवतात. मग कधी एकच क्रॅश दोनदा मोजला जातो, तर कधी एकीने दुसरीला पुढे बोलावलंच नाही म्हणून बातमी हरवते.

दुसरं, लायब्ररीबरोबर तिचं बिल्ड करतानाचं प्लगिनही बदलावं. हे पुष्कळ जण विसरतात. रिलीज बिल्ड करताना आर-एट आपल्या क्लास-फंक्शनांची नावं आखडून ए, बी, सी करून टाकतो. कुठल्या ‘ए’चं मूळ नाव काय, याची मॅपिंग फाईल सर्व्हरला चढवायचं काम ते प्लगिन करतं. ते चुकलं की क्रॅश येतो खरा, पण मोडी लिपीत! बातमी आहे, वाचता येत नाही. ‘ए डॉट बी, अननोन सोर्स’ असल्या ओळींकडे बघत बसा मग.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे ॲप पाडून बघणं. क्रॅशलिटिक्सच्या मार्गदर्शिकेतच लिहिलं आहे की जोडणी झाल्यावर मुद्दाम एक टेस्ट क्रॅश घडवा. एक लपवलेलं बटण, त्यात एक ओळ, खोटी चूक फेकायची. बस्स. पण हे खऱ्या फोनवर, रिलीज बिल्डमध्ये करायचं. आयफोनवर तर डीबगर जोडलेला असेल तर क्रॅश लायब्ररीपर्यंत पोचतच नाही, डीबगरच मधल्या मध्ये पकडतो. ॲप कोसळलं की ते पुन्हा उघडायचं (‘पुढच्या वेळी’ आठवतंय ना?) आणि डॅशबोर्डवर आपल्या ओळीचं खरं नाव दिसेपर्यंत वाट बघायची. नाव दिसलं तर अपग्रेड झालं. ‘बिल्ड सक्सेसफुल’ आलं म्हणजे अपग्रेड झालं नव्हे.

यानंतर बहुतेकांना जो धक्का बसतो त्याची आधीच कल्पना देतो. अपग्रेडनंतर क्रॅशचा आकडा अनेकदा वाढतो! लगेच गाईड म्हणतात, ‘बघ, नसता उद्योग केलास.’ आणि घाबरून आपण जुनी आवृत्ती परत टाकतो. थांबा जरा. नवी आवृत्ती पूर्वी न दिसणाऱ्या गोष्टी पकडू शकते. ॲप पाच सेकंद थिजून ‘बंद करू का?’ अशी पाटी येते, तो प्रकार घ्या. अँड्रॉइड ११ पासून, मागच्या वेळी आपण का बंद पडलो होतो, हे ॲपला सिस्टिमकडून विचारता येतं. जुन्या लायब्ररीला हा प्रश्न विचारताच येत नव्हता. नव्या चष्म्यातून घरात जास्त धूळ दिसते म्हणून चष्मा फेकून देत नाही कुणी. शंका असेल तर दुसरा साक्षीदार आहे : प्ले कन्सोलमधलं ‘अँड्रॉइड व्हायटल्स’. ते तुमच्या लायब्ररीवर अवलंबून नसतं. क्रॅश होणाऱ्या रोजच्या वापरकर्त्यांचं प्रमाण १.०९ टक्क्यांच्या वर गेलं तर गुगल त्याला वाईट वर्तन समजतं. तिथे क्रॅश दिसताहेत आणि तुमच्या डॅशबोर्डवर शून्य, असं असेल तर खोटं कोण बोलतंय ते सांगायला नको. अर्थात चाळीस वापरकर्त्यांच्या ॲपला व्हायटल्स फारसं काही दाखवत नाही, हेही खरं.

इथवरचा सगळा मामला तांत्रिक झाला. आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला, तिच्याकडे येतो.

आपल्याकडच्या प्रोजेक्टांचे विषय बघा. होमस्टे, स्कूबा, किल्ल्याच्या होड्या, मासळीचे भाव, हवामानाचा इशारा. मालवण किनाऱ्यावर बसून आणखी काय सुचणार? आणि चांगलंच आहे ते. पण या ॲपचा वापरकर्ता कोण? ज्याचा फोन पाच-सात वर्षांचा आहे, स्क्रीनला तडा आहे, मेमरी मुलांच्या व्हिडिओंनी भरली आहे, असा तांडेल किंवा होडीवाला. होडी किनाऱ्यापासून लांब गेली की रेंज जाते. ॲप तिथे कोसळलं तर टिपण फोनमध्येच थांबणार. तेही अमर्याद नाही, सेंट्री मोबाईलवर अशी साधारण ३० टिपणं साठवतं, नंतर जुनी टाकून देतं. आणि वैतागून त्याने ॲप काढून टाकलं तर टिपणंही त्याच्याबरोबर गेली. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त त्रास होतो, त्याचीच बातमी आपल्यापर्यंत सगळ्यात कमी पोचते. पुण्यातल्या पर्यटकाच्या नव्या फोनवर एकदा ॲप अडखळलं तर मिनिटाभरात डॅशबोर्डवर लाल ठिपका, आणि इकडे सर्जेकोटच्या होडीवर दिवसात चार वेळा कोसळलं तरी गपगार.

आणि इथे अपग्रेडची एक काळी बाजू येते, ती लपवून चालणार नाही. नव्या आवृत्त्या जुन्या फोनांचा हात सोडत जातात. फायरबेसने अलीकडे किमान पातळी अँड्रॉइड ६ वर नेली. त्याखालचा फोन असेल तर नव्या लायब्ररीचं ॲप त्याला मिळणारच नाही. प्ले स्टोअर त्याला जुनंच ॲप देत राहील, तक्रारही करणार नाही. आपला आलेख आणखी सुंदर होईल, कारण जुन्या फोनवाले त्यात उरलेच नाहीत! माझं मत असं की तरीही अपग्रेड करावं, कारण मुका पेट्रोलमन कुणालाच वाचवत नाही, जुन्या फोनवाल्यालाही नाही. पण आधी मोजावं, किती जणांचे फोन त्या पातळीखाली आहेत ते. प्ले कन्सोलमध्ये ते दिसतं. आणि तो आकडा रिपोर्टमध्ये लिहावा. दहा असतील तर दहा. त्या दहा जणांना आपण सोडतोय हे किमान आपल्या हाताने लिहिलेलं असावं. हवामानाच्या इशाऱ्याचं ॲप असेल, तर त्या दहा जणांना दुसऱ्या कुठल्या वाटेने निरोप जाणार, साधा एसएमएस का होईना, हेही त्याच पानावर यावं.

वेळ कुठली निवडावी? याचं उत्तर आपल्या किनाऱ्याने आधीच देऊन ठेवलंय. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी. होड्या वाळूवर ओढलेल्या, शाकारलेल्या. किल्ल्याची प्रवासी वाहतूक, स्कूबा, पॅरासेलिंगही पावसाळ्यात बंद. म्हणजे आपल्या असल्या बहुतेक ॲप्सना दोन महिने वापरकर्ताच नाही. होडीचा तळ या दिवसांत बघतात, इंजिन उघडतात, जाळी विणतात. ॲपचा तळही तेव्हाच बघावा. नारळी पौर्णिमेच्या आधी नवी आवृत्ती पाच-सात ओळखीच्या फोनवर पोचलेली असावी. प्ले कन्सोलमध्ये इंटर्नल टेस्टिंगला १०० जणांपर्यंत घेता येतं, आपल्याला एवढे तर होस्टेलच्या एका मजल्यावर मिळतील. अडचण एवढीच, की आपली परीक्षा आणि सुट्टीही नेमकी त्याच सुमारास येते आणि सगळे घरी पळालेले असतात!

जाता जाता एक सावधगिरी. अपग्रेड करताना नव्या आवृत्तीत काय काय आपोआप चालू होतंय, ते वाचा. या लायब्रऱ्या आता क्रॅशच्या वेळचा स्क्रीनशॉट घेऊ शकतात, वापरकर्त्याने काय काय केलं ते चित्रफितीसारखं पुन्हा दाखवू शकतात. सोय मोठी आहे. पण त्या स्क्रीनवर होमस्टेला उतरलेल्या पाहुण्याचा फोन नंबर असेल तर? २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, आणि कायदा नसता तरी दुसऱ्याच्या घरात डोकावू नये एवढं आपल्याला घरून शिकवलेलं असतं. जेवढं क्रॅश समजायला लागतं तेवढंच घ्यावं.

आता शेवटची आणि अगदी आपल्या घरची अडचण. प्रोजेक्ट संपतो, ग्रुप पास होतो, एक पुण्याला, एक बंगळुरूला, एक घरच्या आंब्याच्या धंद्यात. ॲप मात्र लोकांच्या फोनमध्ये राहतं. आणि डॅशबोर्ड? तो असतो कुणाच्या तरी खासगी जीमेलवर, जे त्याने कॉलेजसाठी म्हणून उघडलं होतं आणि आता बघतही नाही. दोन वर्षं वापरलं नाही तर गुगल असं खातं काढूनही टाकू शकतं, डिसेंबर २०२३ पासून तसं सुरूही झालं आहे. मग ‘लायब्ररी अपग्रेड करा’ अशी मेल आली तरी ती वाचणार कोण?

म्हणून डिपार्टमेंटला एक विनंती. प्रोजेक्ट जमा करताना आपण जो फॉर्म भरतो, त्यात तीन ओळी वाढवाव्यात : एरर मॉनिटरिंगच्या लायब्ररीचं नाव आणि आवृत्ती, शेवटचा टेस्ट क्रॅश डॅशबोर्डवर पोचल्याची तारीख, आणि खातं कुणाच्या ताब्यात. खातं डिपार्टमेंटच्या ई-मेलवर असावं. दर जूनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या दोघांना मागच्या ॲप्सची यादी द्यावी. प्रत्येक ॲप एकदा पाडून बघायचं, बातमी आली की तारीख लिहायची, नाही आली तर लायब्ररी अपग्रेड करायची आणि पुन्हा पाडायचं. व्हायव्हाला परीक्षक बाहेरचे असतात, त्यांना आपण काही सांगू शकत नाही. पण आपल्या सरांनी १००% दिसल्यावर ‘शेवटचा क्रॅश दाखव’ असं म्हणायला सुरुवात केली, तरी या वर्षीच्या पोस्टरांवरचे आकडे बदलतील. यादी करायला मी आणि माझा रूम पार्टनर तयार आहोत. आमच्या माहितीत अजून चालू असलेली सहा ॲप्स आहेत, त्यातल्या चारांचा पासवर्ड कुणाकडे आहे, याचा शोध चालू आहे.